जेवढं लागेल तेवढं

संगमनेरकडच्या एका बाजारगावात मेडिकलचं दुकान आहे. पाटीवरची अर्धी जागा माणसांच्या औषधांना, अर्धी जनावरांच्या. बाजाराच्या दिवशी तिथं एक बाई तीन वस्तू घ्यायला आली. तीन वर्षांच्या पोराला खोकला-ताप होता म्हणून सिरपची बाटली, स्वतःच्या फुटलेल्या टाचांना क्रीम, आणि पंधरा दिवसांपूर्वी व्यालेली गाय अंबोणाला तोंड लावेना म्हणून एक लिटरचा कॅन. दुकानदार बिल करेपर्यंत बरोबरची मुलगी, असेल आठवी-नववीतली, काउंटरला टेकून लेबलं वाचत राहिली. कॅनवर ठळक अक्षरांत प्रॉपिलीन ग्लायकॉल. क्रीमच्या ट्यूबवर मुंगीएवढ्या अक्षरांत पाणी, ग्लिसरीन, आणि पुढं पुन्हा प्रॉपिलीन ग्लायकॉल. "मम्मी, गाईचं आन तुझं एकच औषध ए." बाई हसली. "आन बाळाचं?" मुलीनं बाटली फिरवून फिरवून बघितली. "फ्लेवर्ड सिरप बेस, क्यू.एस." "म्हंजी?" दुकानदारानं मान वर न करताच सांगून टाकलं, "म्हंजी जेवढं लागंल तेवढं."

उत्तर बरोबर होतं. क्यू.एस. हे लॅटिनमधून आलेलं औषधशास्त्राचं जुनं संक्षिप्त रूप, आणि त्याचा अर्थ अगदी तोच. तरी ते कुसळासारखं टोचत राहतं. गाईला काय पाजायचं ते कॅनवर लिहिलेलं आहे. टाचेला काय फासायचं ते ट्यूबवर लिहिलेलं आहे, कारण सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची यादी छापायचा नियमच आहे. पोराच्या पोटात जाणाऱ्या बाटलीवर मात्र बहुतेक वेळा मुख्य औषधाचं नाव आणि प्रमाण असतं, रंग असतो, आणि बाकी सगळं त्या दोन अक्षरांत गुंडाळलेलं असतं. हे 'बाकी सगळं' थोडंथोडकं नाही. तापाच्या साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, म्हणजे शंभर मिलिलिटरच्या बाटलीत अडीच ग्रॅम. उरलेली बाटली बेसची.

हा बेस लागतो कशाला, हे पॅरासिटामॉलच्याच तोंडून ऐकलेलं बरं. ते पाण्यात हट्टाने कमी विरघळतं. साध्या तापमानाला एक मिलिलिटर पाण्यात जेमतेम १४ मिलिग्रॅम. आपल्याला हवंत २५. नुसत्या पाण्यात केलेलं औषध चार दिवसांत तळाला खडे धरेल. वरच्या चमच्यांत औषध कमी, तळाच्या चमच्यांत जास्त, आणि शेवटचे दोन चमचे पोराला डोस म्हणून नव्हे तर शिक्षा म्हणून मिळतील. साखर घालून हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो, कारण साखरही विरघळायला त्याच पाण्यावर हक्क सांगते. म्हणून पाण्यात मिसळणारा आणि औषधालाही सामावून घेणारा तिसरा कोणी तरी लागतो. तो म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल. रंग नाही, वास नाही, जिभेला आधी किंचित गोड आणि मागून जराशी कडवट झाक. दोन बोटांत चोळलं तर तेल वाटतं, पण नळाखाली धरलं की तेलासारखं चिकटून राहत नाही, निघून जातं.

कारखान्यात त्याला पहिला मान असतो. कोमट ग्लायकॉलमध्ये आधी औषध विरघळवून घेतात, आणि पॅराबेनही त्यातच. पॅराबेन म्हणजे बुरशी रोखणारी पांढरी पूड. मिथाइल पॅराबेन ०.१८ टक्के आणि प्रोपिल पॅराबेन ०.०२ टक्के ही त्यातली नेहमीची जोडी. ही पूड घाईघाईत थंड पाण्यात टाकली की वर गोळे धरून तरंगत बसते आणि गाळणीत अडकते. बॅच दिसायला स्वच्छ निघते आणि दोन महिन्यांनी झाकणाखाली काळे ठिपके येतात. दुसऱ्या टाकीत पाक. भारतीय औषधसंहितेतला साधा पाक म्हणजे हजार ग्रॅममध्ये ६६७ ग्रॅम साखर. याहून पातळ केला तर जंतूंना मेजवानी, याहून घट्ट केला तर थंडीत साखर खाली बसते. आच जास्त झाली की पाक पिवळा पडतो. ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल घालतात ते थोडं गोडीसाठी आणि जास्त करून झाकणासाठी. नाहीतर आट्यांवर सुकलेला पाक दाणे धरतो आणि रात्री दोन वाजता, मांडीवर पोर किरकिरत असताना, बाटली उघडत नाही. मग रंग, संत्र्याचा किंवा रासबेरीचा अर्क, आणि शेवटी टाकीतल्या खुणेपर्यंत पाणी. खूण गाठेपर्यंत ओतत राहायचं, हेच क्यू.एस.चं मूळ काम. मोजमाप नाही असं नव्हे. मोजमाप असतं, ते आपल्याला सांगितलेलं नसतं.

आणि सांगायला हवं, कारण 'लागेल तेवढं' यालाही कमाल मर्यादा आहे. युरोपातल्या औषध नियामकाने प्रॉपिलीन ग्लायकॉलसाठी वयानुसार सावधगिरीच्या पायऱ्या ठरवल्या आहेत: पहिल्या अठ्ठावीस दिवसांत किलोमागे रोज १ मिलिग्रॅम, त्यानंतर पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत ५०, पुढे ५००. तेरा किलोच्या पोराला हा आकडा येतो ६५० मिलिग्रॅम. समजा सिरपमध्ये दहा टक्के ग्लायकॉल आहे. पाच मिलिलिटरचा एकच चमचा सुमारे ५२० मिलिग्रॅम देतो. दुसऱ्या चमच्याला रेष ओलांडली. याने पोराला लगेच काही होतं असं नाही, रेषा सुरक्षित अंतर ठेवूनच ओढलेल्या असतात. निरोगी यकृत या ग्लायकॉलचं लॅक्टिक आम्ल करतं आणि जाळून टाकतं. पण दोन वेगवेगळी सिरपं एकाच वेळी चालू असताना हा हिशोब करायचा तर कशाच्या आधारावर? त्या दोन अक्षरांच्या? अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना हे ठाऊक असतं. लोराझेपामसारखी गुंगीची इंजेक्शनं याच ग्लायकॉलमध्ये विरघळवलेली असतात, आणि ती दिवसेंदिवस सलाइनमधून चालू राहिली की रुग्णाच्या रक्तात आम्ल साठू लागतं. औषधाचा डोस बरोबर असतो, ओझं बेसचं होतं.

टाचेची गोष्ट सोपी. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल दोघंही पाण्याचे लोभी. क्रीममध्ये दोन ते पाच टक्के असले की कातडीच्या वरच्या थरात ओल धरून ठेवतात. नुसतं ग्लिसरीन तळहातावर घेतलं की ऊब जाणवते, कारण ते ओलीत मिसळताना थोडी उष्णता बाहेर टाकतं. हिवाळ्यात कोरड्या वाऱ्यात हवेत ओल नसली की हा लोभी पाहुणा खालच्या कातडीतलंच पाणी ओढायला लागतो, आणि ओठ आधीपेक्षा जास्त तडतडतात. म्हणून एका भागाला दोन-तीन भाग गुलाबपाणी घालायची आपल्याकडची जुनी रीत अगदी शास्त्राला धरून आहे. भेगेत रक्त दिसत असेल तर ग्लायकॉलचं क्रीम झोंबतं. तिथं आधी साधं व्हॅसलीन बरं.

गाईकडे मात्र जरा थांबायला हवं, कारण तिथं हाच पदार्थ बेस नाही, औषध आहे.

व्याल्यानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात जास्त दुधाची संकरित गाय खाते त्यापेक्षा जास्त देते. तूट भरायला ती अंगावरची चरबी जाळते, आणि घाईत जाळलेल्या चरबीचा धूर म्हणजे कीटोन. गाय आधी अंबोण सोडते, कडबा मात्र चघळत राहते. शेण घट्ट आणि चकचकीत होतं, दूध धाडकन उतरतं, आणि तोंडाजवळ नाक नेलं तर गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो. हा वास सगळ्यांनाच येतो असं नाही. गोठ्यात वर्षानुवर्षं वावरलेल्या माणसालाही कधी कधी तो सापडत नाही, म्हणून रोथेराची पूड. अमोनियम सल्फेट, सोडियम कार्बोनेट आणि चिमूटभर सोडियम नायट्रोप्रुसाइड यांची ती पूड पांढऱ्या बशीत घ्यायची, वर दुधाचे नाहीतर लघवीचे थेंब टाकायचे. मिनिटभरात जांभळी झाली की किटोसिस. लघवीत ती फार हळवी असते, किरकोळ कीटोनलाही रंग दाखवते. दुधात जांभळी झाली तर शंका ठेवू नये.

मग रोज ३०० मिलिलिटर प्रॉपिलीन ग्लायकॉल, तीन ते पाच दिवस. त्यातला काही भाग कोठीपोटात प्रोपिऑनिक आम्ल होतो, काही जसाच्या तसा रक्तात शिरतो, आणि यकृत दोन्हींपासून साखर बनवतं. साखर मिळाली की चरबी जाळायची घाई थांबते. खुराकात कालवून द्यायचं म्हटलं तर गाय नाक मुरडते, आपल्याला गोड लागणारी ही वस्तू तिला आवडत नाही. म्हणून पाजावं लागतं, आणि घात होतो तो पाजताना. तोंड उंच उचलून, जीभ बाहेर ओढून बाटली ओतली की औषध श्वासनलिकेत जातं. दोन दिवसांनी गाय धापा टाकते, आणि दोष 'गरम पडलेल्या' औषधावर जातो. जबडा जमिनीला समांतर, फार तर डोळ्याच्या रेषेपर्यंत. बाटली ओठाच्या कोपऱ्यातून, दात नसलेल्या जागेत. एक घोट, गिळू द्यायचा, मग दुसरा. ठसका लागला की डोकं सोडून द्यायचं. लवकर गुण यावा म्हणून दुप्पट पाजलं तर गाय झिंगते, झोकांड्या खाते. आणि गोठ्यात मांजर असेल तर कॅनचं झाकण घट्ट लावावं. मांजराच्या तांबड्या पेशींना हे ग्लायकॉल सोसत नाही, अमेरिकेत १९९६ मध्ये मांजरांच्या खाद्यात ते घालायला बंदी झाली ती त्याचमुळे. एका प्राण्याचं औषध, दुसऱ्याच्या मलमाचा ओलावा, तिसऱ्याचं विष.

मुलीनं विचारलं असतं की तिन्हीत तेच आहे का, तर खरं उत्तर: बहुधा हो, रेणू तोच. फरक पिंपाच्या दर्जाचा. ग्लायकॉलचं निळं पिंप येतं २१५ किलोचं, आणि त्याला चिकटलेला असतो एक कागद, तपासणीचा दाखला. औषधी दर्जा, औद्योगिक दर्जा, ही नावं पिंपाच्या पोटात नसतात. ती या कागदावर असतात.

इथून गोष्ट अंधारात शिरते. प्रॉपिलीन ग्लायकॉलचा एक चुलतभाऊ आहे, डायइथिलीन ग्लायकॉल, धंद्यातल्या बोलीत डीईजी. तोही बिनरंगी, बिनवासाचा, गोड. ब्रेक ऑइल, छपाईची शाई, रेझिन यांत तो लागतो, आणि औषधी ग्लायकॉलपेक्षा स्वस्त मिळतो. एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची. इथिलीन ऑक्साइड आणि पाणी यांपासून इथिलीन ग्लायकॉल करताना डीईजी आपोआप थोडा तयार होतोच. प्रॉपिलीन ग्लायकॉल मात्र प्रॉपिलीन ऑक्साइडपासून होतं. त्या भट्टीत डीईजी जन्माला येतच नाही. म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या पिंपात डीईजी सापडला तर तो वाटेत शिरलेला असतो. न धुतलेल्या टँकरमधून, परत भरलेल्या पिंपातून, नाहीतर बदललेल्या लेबलातून.

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध पातळ करायला एका रसायनतज्ज्ञाने डीईजी वापरलं, वर रासबेरीचा स्वाद. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. प्राण्यावरसुद्धा विषारीपणा पाहिला नाही, कायद्याने तसं बंधनच नव्हतं. शंभराहून अधिक माणसं गेली. सरकारला ते औषध जप्त करायला आधार सापडला तो नावातला: 'एलिक्झर' म्हणायचं तर त्यात अल्कोहोल हवं, यात नव्हतं! लेबल चुकीचं होतं म्हणून विष पकडता आलं. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला.

मुंबईत १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात डोळ्यातला आणि मेंदूतला दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये डीईजी होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाचं नाव आजही औषधखात्यात दबक्या आवाजात निघतं. २००६ मध्ये पनामात खोकल्याच्या औषधात गेलेल्या पिंपांची कथा तर निव्वळ कागदाची. चीनमधून निघताना त्यावर 'टीडी ग्लिसरीन' होतं. ही दोन अक्षरं म्हणजे 'पर्यायी' अशा अर्थाच्या चिनी शब्दाचं संक्षिप्त रूप. बार्सिलोनामार्गे पनामात पोचेपर्यंत ती दोन अक्षरं गळून पडली आणि उरलं ग्लिसरीन. जगात कुठलीही दोन अक्षरं इतकी हलकी समजू नयेत.

आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची पोरं नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. साधा खोकला, सर्दी, बाटली, आणि मग लघवी बंद. विसाहून अधिक मुलं गेली. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्या सिरपच्या नमुन्यात डीईजी भरलं ४८.६ टक्के. या आकड्याजवळ जरा बसून बघा. पाच मिलिलिटरच्या चमच्यात ते होतं २.४३ ग्रॅम. औषधसंहितेची प्रॉपिलीन ग्लायकॉलमधली मर्यादा ०.१० टक्का. दहा टक्के ग्लायकॉल असलेल्या सिरपच्या एका चमच्याला जास्तीत जास्त अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे जवळजवळ पाच हजारपट. याला अशुद्धी म्हणणं हा शब्दाचा अपमान आहे. बाटलीतलं निम्मं तेच होतं. 'जेवढं लागेल तेवढं' भरताना ज्या पिंपाला नळी लावली, ते पिंपच दुसरं होतं.

पकडता आलं नसतं का? प्रॉपिलीन ग्लायकॉल लिटरला १०३६ ग्रॅम भरतं, डीईजी सुमारे १११८. पूर्ण अदलाबदल असेल तर चांगला तराजू आणि अचूक मापाचं भांडंसुद्धा बोंब मारेल. ग्लिसरीनमध्ये अवघड जातं. त्याची घनता १.२६, आणि थोडी उतरली तर 'पाणी ओढलं असेल' असं म्हणून माणूस स्वतःचीच समजूत घालतो. थोडी भेसळ असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारी तपासणी, हवी. उकळबिंदू वेगळे, प्रॉपिलीनचा १८८ अंश, डीईजीचा २४५, म्हणून आलेखावर दोघांची टोकं वेगवेगळी उभी राहतात. यंत्र महाग, लहान कारखान्यात नसतं. नमुना बाहेर जातो, अहवाल काही दिवसांनी येतो, तोवर पिंप रिकामं झालेलं असतं. पातळ थराची क्रोमॅटोग्राफी, सिलिकाच्या पत्र्यावर ठिपके देऊन, खूपच स्वस्तात पडते आणि ढोबळ भेसळ दाखवते. नियम असा की प्रत्येक पिंप तपासायचं. प्रत्यक्षात पुष्कळदा एखादंच उघडतात आणि बाकीच्यांवर दाखल्याची झेरॉक्स. माझ्या मते अशा बऱ्याच दुर्घटनांचं मूळ या झेरॉक्समध्ये आहे, कारण ती काढताना कोणी खोटं बोलत नसतं.

घरात काय बघायचं, तर चमच्यापेक्षा लघवी. डीईजीचं यकृतात डायग्लायकोलिक आम्ल होतं आणि ते मूत्रपिंडाच्या नलिका जाळतं. आधी उलट्या, पोटदुखी, मरगळ. मग ताप उतरूनही पोर निपचित, आणि लंगोट कोरडा. सहा-आठ तास लघवी नाही म्हणजे दुसऱ्या बाटलीची वाट बघू नये. पोराबरोबर आधीची बाटलीही, उरलेल्या औषधासकट, मोठ्या दवाखान्यात न्यावी. डॉक्टरला तिच्यावरचा बॅच नंबर रंग-चवीच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. खोकला-सर्दीच्या मिश्र सिरपांपैकी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापायचा आदेश २०२३ च्या डिसेंबरात निघाला. बऱ्याच खोकल्यांना कोमट पाणी आणि चार-पाच दिवस पुरतात. वर्षावरच्या पोराला चमचाभर मध.

त्या दुकानात दुकानदाराने बिल पुढे सरकवलं. त्यावर तिन्ही वस्तूंची नावं, मुदत आणि बॅच नंबर छापलेले होते. बाटलीवरच्या बेसपासून कारखान्यातल्या त्या पिंपापर्यंत जाणारा धागा तेवढाच. "राहू द्या, काय करायचंय बिल," म्हणत बाईनं पिशवी उचलली आणि ती उन्हात उतरली. कागद वजनाखाली फडफडत राहिला. दोन मिनिटांनी मुलगी धावत परत आली आणि तो ओढून घेऊन गेली. मागची बाजू कोरी होती, आणि डेअरीच्या दुधाचा आठवड्याचा हिशोब मांडायला तिला कागद हवा होता.